आत्याचा 'जलोदर' आणि ताईचा रिपोर्ट : रक्तातलं जनुक कुठलं, गाठीतलं कुठलं?

गंगाकाठ

नमस्कार. गेले सात महिने मी या मंचावर फक्त वाचत होते. माझ्या मोठ्या बहिणीला, वय ४९, गेल्या वर्षी ओव्हरीचा कॅन्सर निघाला. आधी चार महिने गॅस, अपचन, पोट फुगतंय म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या. साडीच्या निऱ्या बसेनात तेव्हा सोनोग्राफी झाली. पोटात पाणी, दोन्ही ओव्हऱ्यांवर गाठी. मग नाशिकमध्येच केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो. मध्ये एकदा दुसरं मत घ्यायला पंचवटी एक्सप्रेसने दादर आणि तिथून परळ. ताई आता घरी आहे, भाकरी थापते, भाजीवाल्याशी भांडते.

उपचारांवर इथं चांगले धागे आहेत, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचंय ते ताईच्या दोन रिपोर्टांबद्दल. एक गाठीचा, एक रक्ताचा. गाठीच्या रिपोर्टात दोन जनुकांची नावं होती, टीपी५३ आणि बीआरसीए१ (डॉक्टर बोलताना 'ब्रॅका' म्हणतात). रक्ताच्या रिपोर्टात एकच, बीआरसीए१. ताईच्या मुलीने, ती २२ वर्षांची आहे, दोन्ही वाचले, रात्रभर मोबाइलवर शोधलं आणि सकाळी सहाला मला फोन केला. "मावशी, आईची दोन जनुकं बिघडलीत. मला दोन्ही आली असतील ना?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. तरी तिला नीट सांगायला मला दोन दिवस लागले. जे सांगितलं ते इथं लिहिते. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आपल्या प्रत्येक पेशीत काही जनुकं अशी असतात ज्यांचं काम पेशीला आवरायचं असतं. डीएनए तुटला तर दुरुस्त करा, दुरुस्त होत नसेल तर विभाजन थांबवा, तेही जमत नसेल तर पेशीला मरू द्या. यांना अर्बुदरोधक जनुकं म्हणतात. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही गेल्या की पेशी मोकाट सुटते. हा विचार आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडला, तोही लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचा हिशेब मांडताना. ज्या मुलांना एक बिघडलेली प्रत जन्मतःच मिळालेली असते त्यांना दुसरा एकच धक्का पुरतो. म्हणून त्यांना आजार लवकर होतो आणि बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांना होतो.

ताईचं तसंच झालं. बीआरसीए१ची एक बिघडलेली प्रत ती जन्माला येतानाच घेऊन आली होती. ती तिच्या रक्तात आहे, थुंकीत आहे, त्वचेत आहे. प्रत्येक मुलाला ती जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. टीपी५३ मात्र तिच्या रक्तात बिघडलेलं नव्हतं. ते बिघडलं फक्त त्या गाठीच्या पेशींमध्ये, तिच्या आयुष्यात कधीतरी. ते भाचीकडे जाऊच शकत नाही.

भाची म्हणाली, "म्हणजे एक आईच्या आजाराचं आणि एक आपल्या घराचं." माझ्या वर्गात इतकं नेमकं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता खरी गोष्ट. ज्या रुग्णालयात पहिल्यांदा कागद भरले तिथल्या छापील फॉर्मवर घराण्याच्या इतिहासात चार रकाने होते : आई, बहीण, मुलगी, मावशी. आमची आई ७२ वर्षांची, ठणठणीत. मावश्या ठणठणीत. ताईने चारही ठिकाणी 'नाही' लिहिलं. वडिलांकडचं कुणी विचारलंच नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

माझी आत्या १९९१ मध्ये गेली, ५३ वर्षांची. घरात सगळे म्हणायचे, आत्याला जलोदर झाला होता. पोटात पाणी व्हायचं, सिव्हिलमध्ये काढायचे, पुन्हा भरायचं. मी तेव्हा शाळेत होते. मला आठवतं ते एवढंच की ती दिंडोरीहून आली की चोळी सैल करून ओसरीवर बसायची आणि म्हणायची, दोन घास खाल्ले तरी पोट तट्ट होतं. ताई आजारी पडल्यावर हेच वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं. शब्द न् शब्द. तरीही मला आत्या आठवली नाही. ती आठवली पुढे जनुक-समुपदेशक बाईंनी कागदावर घराण्याचं झाड काढायला घेतलं आणि विचारलं, "वडिलांच्या बहिणी किती? कशाने गेल्या?"

वडिलांची आई, माझी आजी, तीही 'पोटाच्या गाठीने' पन्नाशीत गेली होती.

बीआरसीए१चा बिघाड वडिलांकडूनही येतो. त्यांना स्वतःला बहुतेकदा काही होत नाही म्हणून तो दिसत नाही. आमच्या घरात तो आजीकडून आत्याकडे आणि अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे, आला, आणि अण्णांच्या मागे दडून राहिला.

माझे दोन प्रश्न आहेत. आत्याला मुलगी आहे, दिंडोरीला, वय ५१. तिला हे कसं सांगायचं? आणि अण्णांना, वय ७६, हे सांगायचं का?

काचपट्टी

गंगाकाठताई, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे. मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे, गाठी मायक्रोस्कोपखाली बघण्यातच आयुष्य गेलं. थोडी भर घालतो.

ताईंना जो प्रकार झाला त्याला हाय-ग्रेड सीरस म्हणतात. या प्रकारात टीपी५३ जवळजवळ प्रत्येक गाठीत बिघडलेलं सापडतं. २०११ मध्ये अशा ३१६ गाठींच्या डीएनएतला प्रथिनं बनवणारा भाग वाचून झाला, त्यात ९६ टक्क्यांत ते निघालं. त्यामुळे ओव्हरीच्या गाठीच्या रिपोर्टात ते दिसलं म्हणून घरच्यांनी घाबरू नये. टीपी५३ जन्मतः बिघडलेली घराणी असतात, पण ती फार थोडी, आणि त्यांच्यात लहान वयापासून वेगवेगळे कॅन्सर दिसतात.

रिपोर्टात एक गोष्ट नातेवाईक हमखास उलटी वाचतात. स्लाइडवर पी५३चा (टीपी५३ हे जनुक जे प्रथिन बनवतं त्याचा) रंग चढवला की निरोगी ऊतीत काही केंद्रकं फिकट, काही गडद, काही कोरी दिसतात. अशी सरमिसळ म्हणजे जनुक शाबूत. बिघाडाच्या मुख्य तऱ्हा दोन. एकीत सगळीच केंद्रकं गडद तपकिरी होतात, कारण मोडकं प्रथिन तयार होतं आणि साचत जातं. दुसरीत एकही गाठीची पेशी रंगत नाही, कारण प्रथिन बनतच नाही. अशा वेळी रिपोर्टात 'नल' लिहिलेलं असतं, कधी नुसतं 'निगेटिव्ह'. लोक 'निगेटिव्ह' वाचून देवापुढे साखर ठेवतात. मला दर वेळी वाईट वाटतं, म्हणून आता मी स्वतः तळाशी एक ओळ जास्त लिहितो : 'हा नमुना जनुकातील बिघाड दर्शवतो.'

या साचलेल्या प्रथिनाने संशोधकांनाही फसवलं होतं. पी५३ सापडलं १९७९ मध्ये. पुढची दहा वर्षं सगळे त्याला कॅन्सर घडवणारं जनुक समजत होते, कारण प्रयोगशाळांत वापरलेल्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की धड प्रत कॅन्सर रोखते.

आणखी एक. आपण ओव्हरीचा कॅन्सर म्हणतो त्यातले हे सीरस प्रकारचे बरेचसे मुळात ओव्हरीत सुरूच होत नाहीत. गर्भनलिकेच्या, म्हणजे ट्यूबच्या, टोकाला झालर असते, तिथे सुरू होतात आणि पेशी ओव्हरीवर सांडतात. हे लक्षात आलं ते बीआरसीएचा बिघाड असलेल्या स्त्रियांच्या, आजार नसताना खबरदारी म्हणून काढलेल्या ट्यूब तपासताना. म्हणून अशी ट्यूब आली की आम्ही झालर उभी चिरून सबंध तपासतो, नेहमीसारखे दोन-तीन तुकडे घेऊन थांबत नाही. ऑपरेशन होणार असेल तर पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर 'बीआरसीए' हा शब्द लिहिला गेलाय ना, हे घरच्यांनी विचारून घ्यावं.

द्राक्षबाग_निफाड

ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मी शेतकरी माणूस, यातलं शास्त्र कळत नाही, पण तुम्ही जे 'आवरायचं काम' म्हणता ते आम्हाला चांगलं कळतं. द्राक्षाच्या वेलीला वर्षात दोनदा कात्री लागते, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. एक साल छाटणी चुकली तर वेल माजतो, सगळा पाला, घड नाही, आणि शेजारच्या ओळीचं ऊन खातो. हे जनुक म्हणजे आतला छाटणी करणारा, असं मी समजलो. बरोबर का?

माझ्या मंडळींना तीन वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. शेक घेतले, आता तपासण्या चांगल्या येतात. पण तिच्या रिपोर्टात 'पी१६ पॉझिटिव्ह' असं लिहिलं होतं. मला दोन मुली, १२ आणि १५ वर्षांच्या. हे पण रक्तातून उतरतं का? तीन वर्षं हा प्रश्न मनात आहे, विचारायला कुणी नव्हतं.

काचपट्टी

दादा, नाही उतरत. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

तुमचं छाटणीचं उदाहरण मी आता विद्यार्थ्यांना सांगणार आहे, आणि तेच पुढे नेतो. ओव्हरीत छाटणी करणारा माणूस मरतो. गर्भपिशवीच्या तोंडाशी माणूस जिवंत असतो, पण त्याचे हात बांधलेले असतात. बांधणारा एचपीव्ही नावाचा विषाणू. त्याची दोन प्रथिनं आहेत, ई६ आणि ई७. ई६ हे पी५३ला पकडून पेशीच्या कचराकुंडीत पाठवतं. ई७ हे आरबी नावाच्या दुसऱ्या रोधकाला धरून ठेवतं. (हे आरबी म्हणजे ताईंनी सांगितलेलं डोळ्याच्या कॅन्सरमधलंच जनुक.) आरबी निकामी झालं की पेशी जिवाच्या आकांताने पी१६ नावाचं तिसरं रोधक बनवत सुटते. त्याचा काही उपयोग होत नाही, पण आम्हाला ते स्लाइडवर ठसठशीत तपकिरी दिसतं. म्हणजे 'पी१६ पॉझिटिव्ह'चा अर्थ एवढाच की हे काम बहुधा विषाणूचं आहे.

जनुकं आत धड असतात याचा मोठा पुरावा आहे. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या अमेरिकन स्त्रीच्या अशाच गाठीतल्या पेशी १९५१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत, हेला पेशी म्हणतात त्यांना. त्यांत एचपीव्ही १८ आहे. त्या पेशींमध्ये ई६ आणि ई७ बंद पाडले तेव्हा पी५३ आणि आरबी इतक्या दशकांनंतरही कामाला लागले आणि पेशींचं विभाजन थांबलं.

अपवाद आहेत. ओठांवर काळे ठिपके आणि आतड्यात गाठी असलेल्या काही घराण्यांत एसटीके११ या जनुकामुळे गर्भपिशवीच्या तोंडाचा एक दुर्मीळ प्रकार होतो. तुमच्या पत्नीच्या रिपोर्टात पी१६ आहे, तेव्हा ती वाट बहुधा नाही. मुलींना लस द्या. बारा हे तर अगदी योग्य वय.

द्राक्षबाग_निफाड

डॉक्टरसाहेब, हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाचा. दोनदा वाचलं.

सुरगाण्याची_आशा

मी सुरगाणा तालुक्यात आशा आहे. निफाडच्या दादांना सांगते, लस पुण्यात बनते आता, सीरमची, जानेवारी २०२३ मध्ये आली. तुमच्या मोठीलाही देता येते, डोस किती ते डॉक्टर वयावर ठरवतील. लहान वयात एक डोससुद्धा पुरतो असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं आहे.

पण मला दुसरंच बोलायचंय. आमच्या पाड्यांवर बाईला अंगावरून पांढरं जातं, लाल जातं, ती सांगत नाही. सांगितलं तर सासू म्हणते उष्णता आहे. भारतात एका वर्षात, २०२२ मध्ये, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे सव्वा लाखाहून जास्त नवे रुग्ण झाले आणि ८० हजारांच्या आसपास बायका गेल्या. आम्हाला प्रशिक्षणात बार्शीचं उदाहरण सांगतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर टाटा आणि बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने मिळून अभ्यास केला. त्यातल्या ज्या गटाला आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी करायला बोलावलं त्या गटात आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. २००९ मध्ये जगासमोर आलं ते. आपल्याच राज्यातल्या खेड्यांतल्या बायका होत्या त्या. एकदा तपासलं तरी एवढं होतं. मी बायकांना सांगते, तुमच्यासारख्याच लुगडं नेसणाऱ्या बायांनी जगाला शिकवलं. मग येतात काही जणी.

आजोळ_येवला

गंगाकाठताई, तुमच्या फॉर्मच्या चार रकान्यांवरून मला राग आला, कारण आमच्या बाबतीत मामाचा रकाना नव्हता.

आईला ४६ व्या वर्षी गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर झाला. तिचा भाऊ, माझा मामा, ४४ व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला. एक पिशवीचा, एक आतड्याचा, कुणाला जोड लागली नाही. आईच्या गाठीवर चार प्रथिनांची तपासणी झाली, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. ही प्रथिनं डीएनएची नक्कल होताना मुद्रितं तपासणाऱ्यासारखी चुका शोधतात. आईच्या गाठीत शेवटची दोन गायब होती. पुढे रक्तात एमएसएच२ मध्ये बदल सापडला. याला लिंच सिंड्रोम म्हणतात.

आता मी दर दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून घेते. एकदा एक छोटा कोंब निघाला, तिथल्या तिथे काढला. मामाला कुणी हे सांगितलं असतं तर, हा विचार माझ्या आईच्या डोक्यातून जात नाही.

काचपट्टी

आजोळताई, या चार प्रथिनांची तपासणी गर्भपिशवीच्या अस्तराच्या प्रत्येक कॅन्सरमध्ये व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे, वय काहीही असो. रंग चढवायला एक दिवस लागतो. फक्त एक सावधगिरी. एमएलएच१ गायब असेल तर बऱ्याचदा जनुक बिघडलेलं नसतं, त्यावर रासायनिक टोपण बसलेलं असतं, आणि ते वारशाने येत नाही. त्यासाठी आणखी एक तपासणी असते. एमएसएच२ गायब असेल तर घराण्याकडे बघायलाच हवं.

अस्तराच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये सर्वात जास्त बिघडतं ते पीटीईएन नावाचं जनुक. वाढलेलं वजन, मधुमेह, पाळी गेल्यावर अस्तराला सतत मिळणारं इस्ट्रोजेन, या सगळ्यांच्या सोबत ते दिसतं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग दिसला तरी तपासून घ्या, एवढंच त्यावर सांगेन.

सिडकोचा_राजा

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. माहीत करून काय मिळतं? माझ्या चुलतभावाच्या घरात अशी तपासणी झाली. मुलीचं लग्न ठरत होतं, बातमी बाहेर गेली, सोयरीक मोडली. मुलगी निरोगी आहे, आजही निरोगी आहे. ज्यांना आजार नाही त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार कशाला? दर वर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करत राहिलं म्हणजे झालं की.

गंगाकाठ

राजाभाऊ, रागावले नाही. त्या मुलीबद्दल वाचून फार वाईट वाटलं. बातमी कुणी बाहेर नेली, हे मात्र मला विचारावंसं वाटतं. जनुकाचा रिपोर्ट घरातल्या रक्ताच्या माणसांना सांगायचा असतो. गल्लीला सांगायचं काहीच कारण नाही.

सोनोग्राफी आणि सीए-१२५ बद्दल मीही हेच धरून चालले होते. पण ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त सर्वसाधारण स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्या जणींवर अशाच तपासण्या वर्षानुवर्षं करून पाहिल्या गेल्या. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले, ओव्हरीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. ताईला सुरुवातीच्या त्या चार महिन्यांत त्रास व्हायला लागला तोवर पेशी पोटभर पसरल्या होत्या.

माहीत असण्याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. आजार झालेल्या बाईला औषध बदलून मिळू शकतं. बीआरसीएची एकही धड प्रत नसलेली पेशी डीएनए दुरुस्तीच्या दुसऱ्या वाटेवर जगत असते. ओलापॅरिबसारखी गोळी ती दुसरी वाटही अडवते आणि गाठीची पेशी मरते. निरोगी पेशीत एक धड प्रत असते, ती तगते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बीआरसीएचा बिघाड असलेल्या ज्या स्त्रियांनी केमोनंतर ही गोळी घेतली त्यांच्यात आजार पुन्हा वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी होता. ताई ती गोळी घेते आहे. तपासणी झाली नसती तर मिळाली नसती.

आणि आजार न झालेल्या बाईला वेळ मिळतो. सर्वसाधारण बाईला ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एकीच्या आसपास. बीआरसीए१ बिघडलेलं असेल तर वयाच्या ८० पर्यंत शंभरातल्या ४४ जणींना, बीआरसीए२ हे तसंच दुसरं जनुक बिघडलेलं असेल तर १७ जणींना. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर दोन्हींत शंभरात सत्तरच्या आसपास. मुलं झाल्यावर, बीआरसीए१ मध्ये साधारण ३५ ते ४०, बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ या वयात ट्यूब आणि ओव्हऱ्या काढल्या तर ओव्हरीचा धोका बहुतांश जातो. पाळी अचानक बंद होते, हाडांची काळजी घ्यावी लागते, आणि पोटाच्या आतल्या पडद्याच्या कॅन्सरचा थोडा धोका उरतोच. निर्णय सोपा नाही. पण तो घ्यायची संधी माझ्या आत्याला मिळाली नव्हती.

भाचीने अजून तपासणी केलेली नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, घाई नको, पंचविशीच्या आसपास स्तनांची तपासणी सुरू करायची वेळ येईल, तोपर्यंत तिला पाहिजे तेव्हा. तिचा निर्णय तिचा. आम्ही दोघी बहिणींनी तिला तसं सांगितलंय.

माझीही तपासणी झाली. घरातला नेमका बदल कुठे आहे हे कळल्यावर बाकीच्यांना तेवढीच एक जागा तपासायची असते, खर्चही बराच कमी येतो. माझ्याकडे तो बदल नाही. त्यामुळे माझ्या मुलांकडेही तो माझ्याकडून जाणार नाही. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी गंगापूर रोडला गाडी बाजूला लावून रडले. आनंदाने नव्हते रडत. एकाच बापाच्या दोघी, तिला ती प्रत आली आणि मला दुसरी.

मनस्विनी_२७

ताई, तुम्हाला मिठी.

माझा प्रश्न विचारू का? आईला स्तनाचा कॅन्सर होता, ती आता नाही. मी माझीच तपासणी केली तर बीआरसीए२ मध्ये 'व्हीयूएस' आलं. एका ठिकाणी मला ओव्हऱ्या काढायचा सल्ला मिळाला. मी २७ वर्षांची आहे, लग्न व्हायचंय.

काचपट्टी

मनस्विनी, थांबा. व्हीयूएस म्हणजे असा बदल ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावरून कोणताही अवयव काढायचा नसतो. जगातल्या जनुकांच्या याद्यांमध्ये भारतीयांच्या नोंदी अजून कमी आहेत, त्यामुळे आपल्याकडे हे शेरे जास्त येतात. पुढे माहिती वाढली की यातले बहुतेक बदल निरुपद्रवी ठरतात. आईंच्या आजाराचा इतिहास मात्र खरा आहे, त्यानुसार तपासण्या करत राहा. दर वर्ष-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला विचारा, शेरा बदलला का. आणि जनुक-समुपदेशकाकडे जा, टाटाच्या खारघर केंद्रात हा विभाग आहे.

आईंचं ऑपरेशन जिथे झालं तिथे गाठीचा तुकडा घातलेला मेणाचा ब्लॉक जपून ठेवलेला असू शकतो. तो मागून घ्या. आजारी माणसाची तपासणी आधी झाली तर बाकीच्यांचं उत्तर स्पष्ट मिळतं, म्हणून रुग्ण हयात असतानाच रक्त द्यावं असं मी प्रत्येक घराला सांगतो. ते सुतकात विचारता येत नाही.

मनस्विनी_२७

रुग्णालयाला आज फोन केला. ब्लॉक आहे. सहा वर्षांपासून आईचा एक तुकडा तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं.

गंगाकाठ

काही दिवसांनी लिहिते आहे. तुम्ही सगळ्यांनी धीर दिला म्हणून अण्णांना सांगितलं. ताई म्हणाली, मी सांगते, माझा आजार आहे. जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यातून गेलं." ताई म्हणाली, "अण्णा, तुमच्यातून माझं नाकही आलंय." ते हसले नाहीत. उठून आत गेले.

सकाळी पाहिलं तर स्वयंपाकघरातल्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडून त्यामागे पेन्सिलीने नावं लिहिली होती. आजी, आजीच्या दोन बहिणी, आत्या, चुलत आत्या, त्यांची मुलं, कोण कुठे दिलंय, कोण कशाने गेलं. एकूण अकरा नावं. 'जलोदर' असं त्यात तीन ठिकाणी लिहिलंय. आम्हाला त्यातलं एकच ठाऊक होतं.

दिंडोरीच्या आतेबहिणीला अण्णांनी स्वतः फोन केला. मामाचा फोन म्हणून ती पटकन हो म्हणाली. तिचं आणि अण्णांचं रक्त सोमवारी एकत्रच द्यायचंय. सिन्नरचा आतेभाऊ म्हणतोय मला काय गरज, मी पुरुष आहे. त्याला दोन मुली आहेत. त्याच्याशी अण्णा बोलणार आहेत.

यादीतल्या शेवटच्या नावापुढे अण्णांनी प्रश्नचिन्ह काढलंय. आजीच्या धाकट्या बहिणीची नात, लासलगावकडे दिली होती, पुढे संबंध राहिला नाही. इथं निफाड-लासलगाव भागातलं कुणी असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा. आडनाव तिथे सांगेन.

द्राक्षबाग_निफाड

निरोप पाठवलाय ताई. लासलगाव बाजार समितीत माझं रोजचं जाणं आहे. आडनाव कळवा.